सुटले किती

परळ, मुंबई
२६ ऑक्टोबर १९७४

चेंडू उजव्या खांबाच्या आत वळत होता आणि मी अजून डाव्या पायावर होतो. पाय बदलायला वेळ नव्हता. तसाच आडवा झालो. बोटांची टोकं लागली, तेवढी पुरली. चेंडू खांबावर थडकून बाहेर गेला. उठलो तेव्हा तोंडात गवत होतं.

लालासाब, हा गेल्या रविवारचा प्रकार. सलाम-नमस्कार राहिला, तो इथं मधेच घे.

सामना आम्ही एक–शून्यनं जिंकलो. संपल्यावर समोरच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड गोलपाशी आला आणि हात बघायला मागितला. उलटासुलटा करून पाहिला, मान हलवली आणि काही न बोलता निघून गेला. तो कलकत्त्याचा आहे. कलकत्त्याचा माणूस काही न बोलता जातो ही मोठी गोष्ट समजतात.

तालमीच्या फळ्यावर लिहिताना जरा संभाळ. मागच्या खेपेला तू ‘सिदूने पाच गोल केले’ असं लिहिलंस. मी गोलकीपर आहे, मी गोल अडवतो. सेक्रेटरीला एवढं माहीत असावं.

दिवाळीला येतोय. स्टेशनवर तुझा बँड आणू नकोस. गेल्या वर्षी तुम्ही वरातीची धून वाजवलीत, आणि डब्यातून उतरणाऱ्या एका नव्या नवरीला वाटलं की हे सगळं तिच्यासाठीच. तिच्या सासऱ्यानं तुझ्याशी हात मिळवला तो मी पाहिला. हत्तीवरून मिरवायची भाषाही बंद कर.

तू दुकानावरून जाताना आप्पा तुला अडवतील आणि नेहमीचंच विचारतील. एकही सुटला नाही म्हणून सांग.

लोभ आहेच. फळ्यावर जागा उरली तर तिथंही थोडा लिही.

तुझा,
सिदू

•

कोल्हापूर
२३ नोव्हेंबर १९७४

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. सिद्धाप्पास रत्नाक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. कार्डावर लिहितोस ते बरं करतोस. पोस्टमन ते आधी तालमीत वाचून दाखवतो आणि मग आमच्याकडे टाकतो, त्यामुळे तुझी खुशाली आम्हाला गल्लीकडूनच कळते. या पत्राला मात्र तू पाकिटातून उत्तर दे. चिकटवून.

इकडे सगळं ठीक. दिवाळीतला नारळ संपला, परवा नवी लॉरी आली. लॉरीवाला वरून दोन-दोन फेकतो आणि आप्पा दुकानाच्या दारात उभे राहून झेलतात, अजूनही. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. मी आत रचते. गडी ठेवू म्हटलं तर म्हणतात, गड्याचं लक्ष रस्त्यावर असतं. तू सात वर्षांचा असल्यापासून त्या दारात उभा राहायचास आणि तुझं लक्ष कधी रस्त्यावर नसायचं, हे ते तुझ्यासमोर कधी बोलणार नाहीत, माझ्यासमोर बोलतात. लॉरी गेली की आतून एकच प्रश्न येतो: सुटले किती? तुझं पत्र वाचून संपलं की तोच प्रश्न. पत्रात काय लिहिलंय त्याच्याशी त्यांना घेणं नाही. त्यांच्या मते तू मुंबईत कसला तरी माल झेलण्याची नोकरी करतोस.

आता कामाचं. दिवाळीला पहाटे तू पाटावर बसलास तेव्हा पाठीला तेल मी लावलं. तुझी कोपरं पाहिली. तालमीकडून खेळायचास तेव्हा त्यांवर बारा महिने खपली असायची. अव्वा म्हणायची, याच्या कोपरावर जोंधळं पेरली तर उगवतील. आता ती लोण्यासारखी आहेत. नवरदेवाची असतात तशी.

आणि मी कोपरांसाठी शिवून दिलेल्या कापसाच्या पट्ट्या तुझ्या बॅगेच्या तळाला सापडल्या. चार वर्षं झाली. त्यांचा कच्चा दोरासुद्धा उसवलेला नाही.

मी हे कुणाला बोलले नाही. लालासाबला तर नाहीच. बारा वर्षांपूर्वी मी मुरगूडच्या सासरहून कायमची परत आले, तेव्हा मला कुणी काही विचारू नये असं वाटायचं, आणि तूच एकटा असा होतास की ज्यानं विचारलं नाही. त्याची फेड म्हणून मीही विचारायला नको. पण मी तुझ्याहून थोरली आहे. सिदू, तू तिथं नक्की काय करतोस?

उत्तर पाठव. अंगाला तीळतेल लावत जा, कोपराला नको. त्याला गरज नाही.

तुझी,
अक्का

•

परळ, मुंबई
१ डिसेंबर १९७४

तीर्थरूप अक्कास सिद्धाप्पाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पाकीट चिकटवलं आहे. दोनदा.

इथं गौस नावाचा माणूस आहे. हैदराबादचा. उंची सहा फूट एक इंच. तो आमचा गोलकीपर. मी दुसरा गोलकीपर. दुसऱ्या गोलकीपरचं काम असं की पहिल्याला काही झालं तर खेळायचं. आठ वर्षांत गौसला काही झालेलं नाही. सर्दीसुद्धा नाही. पहिल्या वर्षी मी नृसिंहवाडीला त्याच्या गुडघ्यासाठी नारळ बोललो होतो. बरा होण्यासाठी नव्हे. देवानं ऐकलं नाही. नारळ आपल्याच दुकानातला होता, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही.

कागदावर मी कंपनीच्या पॅकिंग खात्यातला हेल्पर आहे. सकाळी सही करतो आणि मैदानावर जातो. तिथं गौसच्या अंगावर दोन तास चेंडू मारतो. सामन्याच्या दिवशी बाकावर बसतो आणि मध्यंतराला लिंबं कापतो. लिंबं मी चांगली कापतो, आमचे मॅनेजर पिंटोसाहेब चारचौघांत तसं बोलले आहेत. आठ वर्षांत एकूण अकरा मिनिटं खेळलो. एकदा गौसच्या डोळ्यात मैदानाच्या रेघेचा चुना गेला होता, तेवढ्यापुरतं. त्या अकरा मिनिटांत चेंडू आमच्या बाजूला आला नाही.

पत्रांत लिहितो ते खोटं नाही. त्यातला ‘मी’ काढून ‘गौस’ घाल, म्हणजे सगळं जसंच्या तसं आहे. तोंडातलं गवतसुद्धा. मी इतक्या जवळून पाहतो की लिहिताना सर्वनाम आपोआप बदलतं. पहिल्या पत्रात खरं लिहायला बसलो होतो. तोवर लालासाबचं कार्ड आलं की पहिल्या विजयाबद्दल तालमीनं साखर वाटली. वाटलेली साखर परत कशी मागायची?

एप्रिलपासून तेही संपेल. नवा पोरगा येणार आहे, मला स्टोअरमध्ये कायम करणार आहेत. कायम म्हणजे खेळाडू म्हणून नव्हे. मग लालासाबला कळवीन की निवृत्त झालो. तो काय ते लिहील फळ्यावर. आप्पांना काही सांगायचं कारण नाही. त्यांचा प्रश्न एकच, आणि त्याचं उत्तर मी आजवर खरंच दिलं आहे. माझ्याकडून एकही सुटलेला नाही. आलाच नाही तर सुटेल कसा?

रागावली असशील तर पोस्टकार्डावर रागाव. पाकिटातला राग जास्त लागतो.

तुझा,
सिद्धाप्पा

•

कोल्हापूर
१२ जानेवारी १९७५

दोस्त सिदू यास लालासाबचा सलाम.

आमी हिकडं खुशाल. आन् ह्ये वाचल्यावर तूबी हुशील. तुमची कंपनी फेब्रुवारीत कोल्हापूरच्या स्पर्धेला येतीया! कळलं का न्हाई तुला? आन् पुढचं आईक. चिठ्ठ्या टाकायला मीच गेलतो. पयल्याच म्याचला तुमची गाठ कुणासंगं? शेषनाग तालमीसंगं. आपल्याच तालमीसंगं, लेका! चिठ्ठी उघडली तवा माज्या हातातनं पडली की.

आता पेठंला पेच पडलाय. तालीम बी आपली आन् तूबी आपला. काल समदी बसून ठरिवलं की पेठ दोन्हीकडनं वरडणार. आपल्या पोरानं गोल मारला तर फटाके, तू आडीवलास तरीबी फटाके. फटाक्याचं माप डबल सांगितलंय. जोतीराम, आपला फॉरवर्ड, तुला ठाव न्हाय, नवा पोरगा हाय, कानाला बॉल घासून जाईल आसं मारतोय, त्यो म्हनतोय की सिदूआण्णाच्या हातातनं बॉल काडून दाखिवतो. मी म्हनलं, बाबा, त्येच्या हातातनं नारळ सुटला न्हाय, तुजं चामडं कुटलं सुटतंय.

तुमची पोरं म्हंजी पेठंचं पावणं. म्याचच्या आदल्या दिवशी दुपारी तालमीत जेवान हाय. मटान, तांबडा, पांढरा. झुंबरबाईला सांगितलंय, तिच्या खानावळीवानी रस्सा साऱ्या करवीरात न्हाय. तू रश्याला हात लावत न्हाईस ह्ये म्हाईत हाय, तुजी भाकरी तुज्या घरी. पर पावण्यांनी कोल्हापूर जल्मात इसरता कामा न्हाय.

फळ्यावर आत्तापासनं लिवलंय: ‘पेठेची भिंत घरी येत आहे.’ भिंत म्हंजी तू. एकजण म्हनला, भिंत कशी येईल. त्येला तालमीतनं भाईर काडलं.

तुजा बाप रोज फळ्याफुडं थांबतोय. वाचतोय, जातोय.

तुजाच,
लालासाब
सेक्रेटरी, शेषनाग तालीम व ब्रास बँड

•

परळ, मुंबई
२० जानेवारी १९७५

प्रिय लालासाब, स. न. वि. वि.

घाईत कार्ड लिहितो. येणं ठरलं आहे. पण संघ ऐनवेळी ठरतो, साहेबांच्या मनात असेल तोच गोलमध्ये उभा राहतो. तेव्हा भिंत वगैरे पुसून टाक. दुसरं, जेवणाचं. पोरं बंगालची, गोव्याची, वांद्र्याची आहेत. आपलं तिखट त्यांना झेपणार नाही. झुंबरबाईंना म्हणावं, लहान मुलाला घालतात तसं करा. जेवण नसलं तरी चालेल. बँड नसला तर फारच चालेल.

हे कार्ड पोस्टमननं आधी वाचलं असेल, त्यालाही नमस्कार.

तुझा,
सिदू

•

कोल्हापूर
२ फेब्रुवारी १९७५

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. सिद्धाप्पास अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं कार्ड तालमीत मोठ्यानं वाचलं गेलं. तू दोन चुका केल्यास. भिंत पुसायला सांगितलीस, ती त्यांनी विनय समजून रंगवून घेतली. आता ती खडूची नाही, ऑइलपेंटची आहे. आणि तिखट झेपणार नाही असं लिहिलंस. इतकी वर्षं मुंबईत राहून तुला विसर पडला का, की हे वाक्य कोल्हापुरात उच्चारायचं नसतं? झुंबरबाई कमरेला पदर खोचून तालमीच्या दारात येऊन विचारून गेली, की झेपणार न्हाई म्हंजी काय, माज्या हातचं खाऊन आजवर कोन मेलंय? त्यावर आकाराम वस्तादांनी दोन नावं सांगितली. तिनं आता संकेश्वरहून वेगळी मिरची मागवली आहे.

खरी गोष्ट ही की आप्पा येणार आहेत. काल जेवताना एकदम म्हणाले, रविवारी दुकान बंद. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अव्वा गेली तेव्हा एक दिवस बंद होतं. तेही संध्याकाळी उघडलं होतं, तुला आठवत असेल. मी म्हटलं, उन्हात तीन तास बसवणार नाही. म्हणाले, तो आठ वर्षं उभा आहे. मग पेटीतून काळा कोट काढून वाळत घातला. त्याला कसर लागली आहे. मी रफू करतेय.

त्यांनी आयुष्यात फुटबॉल पाहिलेला नाही हे लक्षात घे. तू तालमीकडून खेळायचास तेव्हा दुकान सोडून ते कधी आले नाहीत, आणि पुढे तू घरातून भांडून मुंबईला गेलास. ते आता फक्त तुला झेलताना बघायला येणार आहेत.

तेव्हा सांग. मी त्यांना आधी सांगू का? सांगितलं तर कोट पेटीत जाईल आणि ते पुन्हा त्याबद्दल एक शब्द बोलणार नाहीत. नाही सांगितलं तर दहा हजार माणसांत बसून ते तुला लिंबं कापताना पाहतील. मला दोन्ही नको आहे. तू निवड.

उलट टपाली कळव.

तुझी,
अक्का

•

परळ, मुंबई
७ फेब्रुवारी १९७५

ति. अक्कास शि. सा. न. वि. वि.

सांगू नकोस. गौसला काल दोन शिंका आल्या. मी पिंटोसाहेबांना विचारलं आहे की माझ्या गावात मला पहिली वीस मिनिटं तरी उभं करा. ते बघू म्हणाले. हो म्हणायचं असलं तरी ते बघूच म्हणतात. पट्ट्या बॅगेत घेतल्या आहेत, वर.

तुझा,
सिद्धाप्पा

•

कोल्हापूर
रविवार, १६ फेब्रुवारी १९७५

दोस्त, यार, पेठंचा राजा सिदू यास लालासाबचा सलाम. हजार सलाम.

तुमची गाडी आत्ताच सुटली. तू खिडकीत तोंड फिरवून बसलास, मला वळख दिली न्हाईस. मी समजलो. पिंटोसायबाम्होरं वळख दावून कसं चालंल? मीबी मग बँडवाल्यास्नी गप केलं. आजवर पयल्यांदाच गप बसली ती.

जेवान जरा जादा झालं ह्ये खरं. आपलं काय चुकलं ते सांग. पावणं नगं-नगं म्हनत हुतं, आन् पावण्यानं नगं म्हनलं की वाढायचं आस्तंय. बंगाली पोरगं पयल्याच घोटाला रडाय लागलं, झुंबरबाईला वाटलं गावाची याद आली, तिनं आनी दोन पळ्या वतल्या. बाकीची पोरं चवथ्या वाटीला आडवी झाली. पर तुमचा त्यो लांबडा हैदराबादी! सा वाट्या प्याला आन् मिरची कच्ची हाय का म्हनून इचारलं. झुंबरबाईनं त्येची दृष्ट काडली.

सोळा आल्याली, त्यातली नऊ झोपली. दोगं-तिगं तशीच पोटाला हात लावून हुबी ऱ्हायली. आन् मंग तू भाईर आलास. तीन नंबरचा सदरा घालून. गोलमदी लांबडा, आन् तू म्होरं, ब्याकला! आकाराम वस्ताद म्हनलं, सिदूला काय झालं. मलाबी घोर पडला. मंग तू चेंडूला लात मारलीस ती वाऱ्याला लागली. दुसरी मारलीस ती तुमच्याच मानसाच्या पोटाला, त्येबी रश्यानं भरल्यालं. मी म्हनलं, ह्यात कायतरी डाव हाय.

आन् शेवटच्या पाच मिनिटात कळला की डाव! जोतीरामनं मारला, लांबडा भाईर आल्याला, गोल उघडा, बॉल वरच्या कोपऱ्यात. आन् तू! आडवा हवेत! दोनी हातानं! छातीशी धरून लोळण घिऊन हुबा! मी जल्मात आसा झेल बगितला न्हाय. वर आनी बॉल लांब फेकून वरडलास, वर जावा रं म्हनून. स्टेडियम गप. रेफ्री बी गप. त्यो बिचारा शिट्टी तोंडात धरून तुज्याकडं बगत हुता, त्येला वाटलं आसंल आपूनच इसरलो गोलकीपर कोन त्ये. मंग वाजली. पेनल्टी. जोतीरामनं घातली. एक–शून्य. तालीम जितली!

लोकं हसली, हसू दे. पेठंला कळलं. गोलमदी ऱ्हाऊन सोडला आस्तास तर कुनालाबी शक आला आस्ता. म्हनून तू म्होरं खेळलास. म्हनून जेवानाचं कार्डबी टाकलंस, आमाला डिवचायला! काय ते डोकं! फळ्यावर लिवलंय: ‘शेषनाग १, कंपनी ०. सिद्धाप्पाने पेठेसाठी मुद्दाम हात लावला. असा त्याग पुन्हा होणे नाही.’

तुजा बाप मातर पेनल्टीच्या आदीच उठून गेला. गर्दीला भ्याला आसंल.

तुज्या पायाची धूळ,
लालासाब

•

परळ, मुंबई
२१ फेब्रुवारी १९७५

ति. अक्कास सिद्धाप्पाचा शि. सा. न. वि. वि.

सामन्यानंतर घरी न येता गेलो, त्याबद्दल काय लिहू? साहेबांनी मैदानावरून थेट स्टेशनवर नेलं. आजारी लोक एका डब्यात आणि मी दुसऱ्या. माझ्याशेजारी फक्त गौस बसला. मिरज आल्यावर म्हणाला, तो चेंडू मला मिळाला नसता. एवढंच बोलून तो झोपला. त्याला झोपही चांगली लागते.

पिंटोसाहेबांनी रिपोर्ट दिला की मी गावाला सामना विकला. जेवणात काय घातलं होतं, हेही विचारलं. मी म्हटलं, मिरची. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. चौकशीत गौसला बोलावलं. त्यानं सांगितलं की आठ वर्षं या माणसाला कुणी चेंडू झेलू दिला नाही. एक दिवस तो झेलणारच होता. त्यावर साहेब हसले आणि प्रकरण मिटलं. एप्रिलऐवजी एक मार्चपासून मी स्टोअरमध्ये. म्हणजे माझी कारकीर्द संपली. अकरा मिनिटं आणि एक झेल. तोही बेकायदा.

आता तुला खरं सांगतो. डाव नव्हता. जोतीरामनं पाय मागे नेला तेव्हाच मला कळलं की चेंडू कुठं येणार. गौस पुढे गेला होता. मी तिथं होतो. मी ब्याक आहे, माझ्या अंगावर तीन नंबर आहे, डोकं लावायचं असतं, हे सगळं मला माहीत होतं. पण चेंडू दारातून आत चालला होता, अक्का. मला फक्त दार दिसलं. हातात आला तेव्हा अंगाला इतकं बरं वाटलं की मी शिट्टी ऐकलीच नाही. लोक हसायला लागले तेव्हा समजलं.

इथं मी विकलेला माणूस आहे आणि तिथं फळ्यावर त्यागी. दोन्हीकडचे लोक मानतात की मी मुद्दाम केलं. नुसता चुकलो असं कुणालाच वाटत नाही. लालासाबला खरं लिहावं तर त्याचं मन मोडेल, आणि तो ते फळ्यावर लिहीलही. त्याचं राहू दे. मला एकाच माणसाची काळजी आहे. आप्पांनी दुकान बंद केलं, कोट घातला, आणि काय पाहिलं? मी गोलमध्ये नव्हतो. लाथा हवेत मारल्या. आणि मग भोवतीच्या दहा हजार लोकांनी त्यांना सांगितलं असणार की तुमच्या मुलानं मुद्दाम लबाडी केली, शाब्बास. आपल्या घराण्यात कुणी मापात मारलेलं नाही. ते उठून गेले, असं लालासाब लिहितो. तू शेजारी होतीस. ते काय म्हणाले? खरं लिही. मी आठ वर्षं खोटं लिहिलं, तू लिहू नकोस.

तुझा,
सिद्धाप्पा

•

कोल्हापूर
२७ फेब्रुवारी १९७५

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. सिद्धाप्पास अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. स्टोअरमध्ये सावली असते, ते बरं झालं. कायम केल्याचा कागद हातात घे आणि मग पेढे वाट. आधी साखर वाटण्याचा परिणाम आपण पाहिला आहे.

खरं लिही म्हणतोस, तर क्रमानं लिहिते. आम्ही पश्चिमेच्या पायऱ्यांवर बसलो. आप्पांनी छत्री उघडली, मागच्यांनी आरडाओरडा केला, आप्पांनी मिटली नाही. सामना सुरू झाला आणि ते पहिल्या पाच मिनिटांतच नाराज झाले. मला म्हणाले, हे लोक मालाला लाथा का मारतायत? मी म्हटलं, असाच खेळ आहे. म्हणाले, मग सिदूला कशाला बोलावलं? तू दोन लाथा मारल्यास, त्या चुकल्या. त्यावर त्यांना जरा बरं वाटलं. म्हणाले, त्याला सवय नाही, घरात शिकवलेलं नाही.

गोलमधल्या त्या उंच माणसाकडे ते बराच वेळ पाहत होते. त्यानं दोन झेलले. आप्पा म्हणाले, हा एक कामाचा दिसतो. मी तुझा गौस पाहिला, सिदू. खरंच चांगला आहे. रागावता येत नाही त्याच्यावर.

मग तुझा तो झेल. मी डोळे मिटले होते, खरं सांगते. लोकांचा आवाज बंद पडला म्हणून उघडले. आप्पा उभे होते, छत्री खाली पडलेली. सगळे हसायला लागले. पुढच्या रांगेतल्या एकानं वळून सांगितलं की आजोबा, हात लावायचा नसतो, फक्त गोलकीपरनं लावायचा. आप्पा म्हणाले, सुटला नाही ना? तो म्हणाला, सुटला नाही पण चालत नाही. आप्पा म्हणाले, झेललेला माल परत टाकायला लावतात, असला धंदा कधी पाहिला नाही. आणि छत्री उचलून निघाले. पेनल्टी बघायला थांबले नाहीत. त्यांच्या मते काम झालं होतं.

वाटेत मी सगळं सांगितलं. गौस कोण, तू कोण, पत्रांतला ‘मी’ कोण. तुला न विचारता सांगितलं. मी थोरली आहे. आप्पा ऐकत पापाच्या तिकटीच्या चौकापर्यंत आले. तिथं पोचल्यावर म्हणाले, आठ वर्षं दारात उभा राहिला, आणि लॉरीच आली नाही. पोरगा गेला नाही पण दार सोडून. घरी आल्यावर कोट घडी घालून ठेवला, पेटीत नाही, खुंटीवर.

मेमध्ये रजा काढून ये. लॉरी दर पंधरवड्याला येते आणि माझे हात रचून रचून दुखतात. झुंबरबाई विचारते आहे की बंगाली पोरगं बरं आहे का. त्याच्यासाठी तिनं चटणीची बरणी भरून ठेवली आहे. मी पाठवणार नाही.

इथं तुझी आठवण निघते. निघू दे, तू तिकडे उचक्या सोस.

तुझी,
अक्का

ता. क. मुख्य ते लिहायचं राहिलं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आप्पा नेहमीसारखे किल्ल्या घेऊन निघाले. मी मागे होते. तालमीपाशी थांबून त्यांनी फळा वाचला. उपरण्यानं लालासाबची दुसरी आणि तिसरी ओळ पुसली, गोलांची राहू दिली. लालासाब आत तोंड धूत होता, तसाच धावत आला. आप्पांनी त्याच्याकडे खडू मागितला, त्यानं दिला. त्यांनी खाली लिहिलं: ‘एक आला. सुटला नाही.’ खडू परत दिला. मग दुकान उघडलं.